हिरड्याच्या गाडीचं भाडं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या थोरल्या भावाचे. त्याला आम्ही दादा म्हणत असू. तो परतवाड्याला भाड्याची बैलगाडी हाकत असे. वडील गेले तेव्हा तो दुसरीत होता. त्याने पाटी ठेवली आणि कासरा हातात घेतला. मी पाटी ठेवू नये, एवढंच त्याने पुढे आयुष्यभर पाहिलं.

अमरावतीला कॉलेजात मी गेलो तो त्याच्याच गाडीत, पोत्यांवर बसून. त्यानंतर दर खेपेला तो माल उतरवून माझ्या खोलीकडे यायचा. वहिनीने दिलेलं ज्वारीचं पीठ, तिखट, कधी शेंगदाण्याची चटणी. फाटकाच्या आत तो कधी आला नाही. "बैल सोडून कसा येऊ?" म्हणायचा. बैल झाडाखाली शांत उभे असत, त्यांना सोडून येण्यात काहीच अडचण नव्हती. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी बी.कॉम. झालो. आमच्या घरात, आमच्या आळीतही, पदवी घेतलेला पहिला. कागद त्याला दाखवला तेव्हा त्याने तो उलटा करून मागची बाजूही पाहिली आणि विचारलं, "आता तुले काम काय देतीन?"

काम मला अकोल्याला मिळालं. माल परदेशी पाठवणाऱ्या एका शेठजींच्या ऑफिसात. ढेप, सरकी, हिरडा असा साधा माल. मेळघाटातला हिरडा परतवाड्याला येई, तिथून बैलगाडीने अमरावतीला, अमरावतीहून रेल्वेच्या वॅगनीतून मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने विलायतेला. तिकडे तो कातडी कमवायला लागतो. अचलपूरहून छोटी गाडी होती, पण ती मूर्तिजापूरलाच संपायची. तिथे माल उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत चढवायचा म्हणजे पोती फाटत. म्हणून शेठजी परतवाड्याहून गाड्याच लावत. त्या गाड्यांत एक माझ्या दादाची होती, आणि गाडीवानांचा म्होरक्याही तोच होता.

माझं काम भाड्याचा हिशेब मांडण्याचं. कॉलेजात वाहतुकीवर एक प्रकरण होतं, पण खरी गोष्ट मला त्या टेबलावर समजली. आधी मला वाटे, लांब अंतराचं भाडं जास्त, जवळचं कमी, एवढंच. तसं नसतं. जहाजाचा टन हा दोन प्रकारचा असतो, वजनाचा आणि जागेचा. लोखंड जड, ते वजनावर जातं. कापसाच्या गाठीने किंवा हिरड्याच्या पोत्याने जागा अडते, म्हणून त्याचं भाडं जागेवर लावतात. दोन्हींतलं जे जास्त भरेल ते. शिवाय त्या वाटेवरच्या जहाज कंपन्या एकत्र बसून दर ठरवतात आणि ठरला की मुंबईहून आम्हाला छापील पत्रक येतं. त्यात मालाची किंमतही पाहिलेली असते. महाग माल जास्त भाडं देऊ शकतो, स्वस्त माल नाही. फार लावलं तर तो माल जागचा हलणारच नाही आणि जहाज रिकामं जाईल. म्हणून ज्या मालाला जेवढं सोसेल तेवढं. शेठजी हे एका शब्दात सांगत. कुठलाही माल आला की विचारत, "कितना सोसेगा?"

रेल्वेचंही तसंच. मालाचे वर्ग पाडलेले, प्रत्येक वर्गाचा दर पुस्तकात छापलेला. मालकाच्या जोखमीवर पाठवला तर थोडा कमी. पुस्तकाशी हुज्जत घालता येत नाही.

बैलगाडीचा दर मात्र कुठे छापलेला नव्हता. तो दसऱ्याला ठरे. परतवाड्याच्या नाक्यावर एक मोठी चिंच होती. पाऊस संपून वाटा वाळल्या की दसऱ्याच्या दिवशी गाडीवान तिच्याखाली जमत, व्यापाऱ्यांची माणसं येत. गाडीचा भाव बोलला जाई. दोन्हीकडून होकार आला की म्होरक्या आपल्या गाडीच्या चाकाला असलेल्या लोखंडी धावेवर नारळ फोडी. मग तो भाव आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. मध्ये कापसाचा ताव आला, गाड्यांना ओढ लागली, तरी गाडीवान वाढवून मागत नसत. मध्ये काम मंदावलं तरी व्यापारी कमी करत नसत. लिहिलेलं काही नसे. नारळ फुटला, हे सगळ्यांनी पाहिलेलं असे.

१९५६ साली दसऱ्याला नारळ फुटला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. शेठजींच्या वतीने मुनीम गेला होता. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सुएझचा कालवा बंद पडला. आमच्या ऑफिसात ही बातमी आली ती पत्रकाच्या रूपाने. तिकडे लढाई झाली, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, सबब सर्व मालावर जादा आकार. शेठजींनी हिरड्याचा सौदा पावसाळ्यातच करून ठेवला होता. माल विलायतेच्या बंदरात पोचता करायचा, सगळं भाडं धरून एकच किंमत. गिऱ्हाईक एक आणा वाढवून देणार नव्हतं.

मी कागद घेऊन शेठजींसमोर बसलो. जंगलाच्या ठेकेदाराला रक्कम गेलेली. मुंबईच्या गोदीतली मजुरी ठरलेली. रेल्वे छापलेली. जहाज छापलेलं, आणि वाढलेलं. शेठजी बोट खाली खाली नेत गेले आणि गाडीभाड्यापाशी थांबले.

"ये तो अपने हाथ का है," ते म्हणाले.

"तिथे नारळ फुटलाय, शेठजी."

"मालूम है. म्हणून मुनीमजीला नाही पाठवत. म्होरक्या तुमचे बंधू आहेत ना? तुम्ही जा. घरच्या माणसाचं ऐकतात. नाही जमलं तर अमरावतीची लॉरी लावतो. त्यात काय, एक लॉरी पाच गाड्यांचा माल उचलते."

ते रागावून बोलले नव्हते. ते कधीच रागावत नसत. मला नोकरी त्यांनीच दिली होती, राहायला खोलीही त्यांनीच शोधून दिली होती. मी "बरं" म्हणालो.

वाटेत मी काय बोलायचं ते मनात मांडलं नाही. दादापुढे दोनच वाटा होत्या. भाव उतरवला तर चिंचेखाली सगळ्यांसमोर दिलेला शब्द त्यानेच मोडला असं होणार, आणि तसा माणूस पुन्हा म्होरक्या राहत नाही. नाही उतरवला तर हिरडा लॉरीत जाणार, आणि कापूस संपल्यावर त्या भागात गाड्यांना दुसरा माल नव्हता. हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी मोटारीच्या खिडकीतून मी तुरीची शेतं पाहत होतो आणि यंदा शेंग चांगली धरलीय, एवढंच डोक्यात येत होतं.

नाक्यावर गाडीवान बसलेच होते. दादा चाकाला वंगण देत होता.

"आला का आमचा लहान्या! कावून आला मधातच? सुटी हाये का?"

एक म्हातारा गाडीवान होता, दादाचा जुना सोबती. तो ओरडला, "सायब आले! उठा रे, खुर्ची आना कोनी."

"खुर्ची कायले पाह्यजे?" दादा म्हणाला. "पोत्यावर बसूनच तं बी.कॉम. झाला तो."

मी पोत्यावर बसलो. चहा आला. मग मी सांगितलं.

"कोन्ता कालवा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दोन समुद्र जोडणारा. तो बंद पडला. आता जहाजं लांबून वळसा घालून जातात."

"मंग आमी कुठी वळसा घातला? आमची वाट तं तेच हाये. परतवाडा ते अमरावती."

"त्या जहाजवाल्याले म्हना, कमी कर," दुसऱ्या कोणी म्हटलं.

"तो ऐकत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं."

"रेल्वेले म्हना."

"रेल्वेचा दर पुस्तकात छापलेला आहे."

म्हातारा बाजूला थुंकला. "म्हंजे ज्याचा छापला नाई त्याचा कापा. मले छापखाना दाखव एखादा, मीबी छापून आनतो."

लोक हसले. मीही हसलो. दादा हसला नाही. तो हात पुसत म्हणाला, "मांगच्या साली कपाशीच्या तावात गाड्या भेटत नव्हत्या तवा तुह्या शेठचा मुनीम इथीसाच हात जोडून उभा होता. आमी वाढवून मांगतलं का?"

"नाही."

"कावून नाई मांगतलं?"

"नारळ फुटला होता म्हणून."

"मंग?"

मी लॉरीचं सांगितलं. तेव्हा एकाने बिडी विझवून कानावर ठेवली.

मग दादाने धावेवर हात ठेवला. नारळाच्या पाण्याचा डाग तिथे आता राहिला नव्हता, धुळीत गेला होता.

"नारय कशावर फोडला होता मी?"

"धावेवर."

"म्हंजे गाडीवर. पोत्यावर नाई फोडला. भाव गाडीचा झाला. गाडीत किती पोते, ते कोनी बोललं होतं का?"

कोणी बोललं नव्हतं. कधीच बोलत नसत. गाडी म्हणजे किती पोती, हे सगळ्यांना ठाऊक असे.

"मंग भाडं तेच. गाडीत दोन पोते जास्त घालू. शेठचं काम झालं, आमचा शब्दबी राह्यला."

गाडीवानांत कुजबुज झाली. माना हलल्या. म्हातारा तेवढा म्हणाला, "अन् बैलाले इचारलं का?"

"बैल कुठी आला होता नारय फोडाले?" दादा म्हणाला, आणि तेव्हा सगळे जोरात हसले. अवघड गाठ सुटली की माणसं हसतात तसं.

घरी वहिनीने पिठलं केलं होतं. दादा खुशीत होता. "तुह्या शेठले सांग, आमीबी हिसाब करतो म्हना." मी माझ्या वहीच्या मागे आकडे मांडून पाहिले. दर पोत्यामागे गाडीभाडं उतरत होतं आणि जहाजाच्या जादा आकारातला बराच भाग त्यात जिरत होता. हिशेब बरोबर होता.

अकोल्याला शेठजींनी तो पाहिला आणि चष्मा काढला. "देखा! शिकलेले नाहीत, पण डोकं पाहा. तुमच्या बंधूंना माझा नमस्कार कळवा." मी कळवला.

पौषात, माघात हिरडा सुरू झाला. रेल्वेच्या पावत्या करायला मला अमरावतीला जावं लागे. गाड्या मालधक्क्यावर येत, पोती उतरत, वजन होई, मी कागद करून घेई. पहिल्या काही खेपांना दादा खाली उतरून मला सांगे, चढाला थोडं जड जातं, बाकी काही नाही. पुढे तो ते सांगेनासा झाला. एकदा मी पाहिलं, डावीकडच्या बैलाच्या खांद्यावर त्याने फडकं बांधलं होतं. तो बैल मी ओळखत होतो. मी कॉलेजला आलो त्या वर्षी तो नवा होता, पहिल्यांदाच एवढ्या लांब आला होता, आणि शहरातल्या सायकलींना बिचकत होता.

"खांदा आला त्याचा," दादा म्हणाला. "तेल-हयद लावली. बसते."

"एक पोतं कमी घाल."

"मी कमी घालू अन् बाकीच्याईनं जास्त घालाव? म्होरक्या कोन हाये?"

मी पावत्यांचे कागद चाळायला लागलो.

फाल्गुनात एके सकाळी गाड्या आल्या त्यात दादाची सर्वांत शेवटी होती. डावीकडे दुसराच बैल होता, म्हाताऱ्या गाडीवानाचा, आणि म्हातारा आपल्या गाडीला उरलेला एक बैल आणि वाटेत मागून घेतलेला एक गोऱ्हा जुंपून पुढे आलेला. दादा खाली उतरला. पोती उतरवायला लागला. मी जवळ गेलो.

"पूर्णेच्या चढाले बसला," तो म्हणाला. "उठला नाई मंग. मागचा पाय गेला."

"कुठे आहे?"

"आसेगावले एकाच्या वावरात बांधला."

तो पोतं पाठीवर घेऊन काट्याकडे गेला. मी त्याच्यामागे गेलो आणि वजन लिहून घेतलं. मग पुढचं. त्या दिवशी सगळ्या गाड्यांच्या पावत्या मी नेहमीप्रमाणे केल्या. एकही चूक झाली नाही. वॅगनीचं दार लागलं, त्यावर चिठ्ठी लावली. स्टेशनसमोर दोघांनी जेवण केलं. दादाने दोन भाकरी बांधून घेतल्या. मी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला परत आलो. खोलीवर आल्यावर कपडे धुतले आणि वाळत घातले. मला वाईट वाटत होतं का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. त्या दिवसातलं मला आठवतं ते एवढंच, की दोरीवर पाण्याचे थेंब एका ओळीत होते आणि एकेक करून पडत होते.

बैल पुढे बाजारात गेला. घेणारा कोण होता, दादाने सांगितलं नाही. वहिनीच्या माहेरून एक बैल मिळाला. तो लहान चणीचा होता. जोडी जमत नव्हती, जू एका बाजूला कलत असे.

उन्हाळ्यात कालवा पुन्हा सुरू झाला. पुढे मुंबईचं पत्रक आलं. जादा आकार काढून टाकला होता. शेठजींनी पेढे आणवले. पावसाळ्यात नव्या सौद्याचं गणित मांडायला घेतलं तेव्हा मी गाडीचा रकाना पूर्वीच्याच पोत्यांच्या संख्येवर धरला. शेठजींनी तो खोडला.

"गाडीत पोती मागच्या वर्षीएवढीच धरा."

"पण शेठजी, ते जहाजाच्या जादा आकारापुरतं होतं. तो आता निघाला."

"निघाला. पण गाडी चालली ना हंगामभर? चालली म्हणजे सोसते." ते माझ्याकडे पाहून हसले, प्रेमानेच. "आणि यात कोणाचा शब्द मोडला? भाव तोच आहे. तुमच्या बंधूंनीच सांगितलंय."

ते खरं होतं. मी रकाना त्यांच्या आकड्याने भरला. दिवसभराचं काम केलं. संध्याकाळी ऑफिसातच बसून दादाला पत्र लिहिलं. त्याची नक्कल मी ठेवली नव्हती, पण वहिनीने मूळ पत्र जपून ठेवलं होतं आणि पुढे मला दिलं. ते असं आहे:

"ती. दादास नमस्कार.

हे पत्र शाळेतल्या गुरुजींकडून घरी वाचून घेऊ नकोस. नाक्यावर, चिंचेखाली, सगळे असताना वाचून घे. मी सोपं लिहितो आहे.

जहाजाचं भाडं उतरलं. मागच्या वर्षी वाढलं होतं ते सगळं निघालं. ज्यासाठी तुम्ही दोन पोती जास्त घातली ते कारण आता राहिलं नाही. तरी यंदाही तेवढीच पोती धरली आहेत. मीच मांडली आहेत, मला तसं सांगितलं. तुम्हाला हे ठाऊक असावं म्हणून लिहितो.

भाडं कसं ठरतं हे मी इथे रोज पाहतो. जहाजवाले टन म्हणजे वजन किती आणि जागा किती, हे दोन्ही आधी बोलतात, मग दर बोलतात. रेल्वे पुस्तकात लिहिते. आपल्याकडे नुसती 'गाडी' म्हणतात. तेव्हा येत्या दसऱ्याला भाव बोलताना पोतीही बोला. एका गाडीत किती, ते व्यापाऱ्यांच्या माणसांसमोर मोठ्याने सांगा, त्यांच्याकडून वदवून घ्या, आणि मग नारळ फोडा. आधी फोडू नका. कोणी लॉरीचं बोललं तर लॉरीलाही पूर्णेचा चढ आहे आणि तिचा डिझेलचा दर छापलेला आहे, म्हणून ती फार स्वस्त पडत नाही, हे त्यांना माहीत असतं.

हे पत्र लिहितो आहे असं मी शेठजींना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा कागद मागितला. माझी नोकरी आज तरी आहे. तू त्याची काळजी करू नकोस.

वहिनीला नमस्कार. पीठ संपलं नाही, एवढ्यात पाठवू नये.

नवा बैल तू डावीकडे जुंपतोस की उजवीकडे, ते कळव. लहान आहे, तर त्याच्या बाजूने पोती कमी रचत जा.

तुझा,
लहान्या"